विळ्याच्या जागी ब्लेड

आमच्या जामखेड तालुक्यात पोटुशी बाई किती जेवते यावर घरादाराची नजर असायची. पोटभर खाल्लं की गर्भ वाढतो, गर्भ वाढला की बाई अडते, म्हणून दिवस भरत आले की तिची भाकरी निम्मी करायची. बाळंत झाल्यावर पहिला चीक पिळून टाकायचा. बाळाला दोन-तीन दिवस गुळाच्या पाण्याचं बोट चाटवायचं. नाळ विळ्याने कापायची आणि बेंबीवर राख नाहीतर शेण लावायचं. आठवडाभरात बाळाने दूध ओढणं सोडलं, जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताणलं, की सटवाईने कपाळी तेवढंच लिहिलं होतं असं म्हणून त्याला पुरून यायचं. आई अंगावरचं दूध आटायच्या आत पुन्हा खुरपायला जायची.

हे ऐकीव नाही. माझी आजी सुईण होती. आमचं घर मांगवाड्यातलं, पण वरच्या आळीतल्या बाळंतपणांना रात्री-अपरात्री हाक तिलाच यायची. बाळंतिणीच्या अंगाला तिचा हात चालायचा, त्याच घरातल्या रांजणाला चालायचा नाही. काम उरकलं की ती ओट्याखाली बसायची आणि कुणीतरी वरून तिच्या ओंजळीत पाणी सोडायचं. पदरात ज्वारी पडायची, कधी जुनेर मिळायचं. पायाळू मूल सोडवण्यात पंचक्रोशीत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. आणि तोच हात गवत कापायच्या विळ्याने नाळ कापायचा, कारण धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पुढे मी नर्सिंगचा कोर्स केला, सरकारी उपकेंद्रात नर्सबाई म्हणून लागले आणि सारी नोकरी या बाळंतपणांत, लसीकरणात, रजिस्टरं भरण्यात गेली. म्हणून हा इतिहास मला दोन्ही बाजूंनी दिसतो.

बायकांच्या हक्कांचा इतिहास सांगताना परिषदा, मोर्चे, कायदे सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत. पण आमच्या दुष्काळी भागात बाईच्या शब्दाला वजन आलं ते आधी बाळंतिणीच्या खोलीत आलं, आणि ज्यांनी ते आणलं त्या बायांपैकी बहुतेकींना सही करता येत नव्हती. हे मला ठासून सांगायचं आहे.

सुरुवात मात्र या बायांच्या सव्वाशेहून अधिक वर्षं मागे, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी नगर शहरात करावी लागते. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली. लग्न न केलेली, एकटी. १८३९ मध्ये ती नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली नगरातच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला तिची शाळा पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला याच फरारबाईंकडे घेतलं. मग फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांगाची मुलगी शिकली आणि तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांनी १८४२ साली नगरलाच सुरू केलेलं.

हा निबंध मी नोकरीत असताना पहिल्यांदा वाचला. धर्माबद्दल, शिक्षणाबद्दल तिने जे विचारलंय त्याची चर्चा पुष्कळ होते. मी थांबले ती दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, असं ती मुलगी लिहिते. बाळंतपणाचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न आहे, हे मराठीत इतक्या थेट इतक्या लहान वयात तिने मांडलं. त्यानंतर शंभर वर्षं उलटली तरी माझ्या आजीच्या मांगवाड्यात छपराची तीच गत होती.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, राहुरीचे. मेबलबाई जबलपूरच्या. दोघं वेल्लोरला एका वर्गात शिकलेले. त्याआधी त्यांनी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काढली होती, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की ज्या दुखण्यांवर आपण रात्रंदिवस उपचार करतोय त्यातली बहुतेक मुळात होऊच नयेत अशी आहेत. बरं करून पाठवलेलं पोर त्याच पाण्याने पुन्हा जुलाब होऊन परत यायचं. मग दोघं अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि जिल्ह्यातला सगळ्यात कोरडा कोपरा निवडला. आमच्याकडे आजही 'आरोळ्यांचा दवाखाना' म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही.

त्यांचा पहिला बेत आमच्यासारख्या शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवायच्या असा होता. तो बसला नाही. का बसला नाही हे मी नोकरीतल्या माणसाच्या अनुभवावरून सांगू शकते. विशी-बाविशीची, बहुधा बिनलग्नाची, परगावची पोरगी गावात एकटी राहायची. तिला खोली मिळत नसे. मिळाली तर रात्री दारावर खडे पडत. चार लेकरांच्या आयांना तिने बाळंतपणाबद्दल काय सांगायचं, असं त्या तोंडावर म्हणत. आणि सरकारी नर्सबाईच्या मागे तर नसबंदीच्या 'केसेस'चं टार्गेट लागलेलं. आणीबाणीत तर सरकारी जीप दिसली की माणसं ज्वारीत शिरत. टार्गेटची पद्धत १९९६ साली गेली, तोपर्यंत आम्ही दारात उभ्या राहिलो की घरातल्यांना वाटायचं, ही काहीतरी मागायला आली. ज्या दारात आपण मागायला जातो तिथे आपलं औषध कोण विश्वासाने घेणार?

तेव्हा आरोळ्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा. लग्न झालेली, पोक्त, लोकांचं सुखदुःख जाणणारी. शिक्षणाची अट नाही. निवडून आलेल्या बाया बघून पुष्कळांनी डोक्याला हात लावला असेल. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा, कितीतरी जणी महारवाड्या-मांगवाड्यातल्या. पायात वहाण घालून वरच्या आळीतून जायची ज्यांना मुभा नव्हती, त्यांनी आता त्याच आळीत जाऊन बाळंतिणीची नाडी पाहायची होती.

शिकवणं दर आठवड्याला जामखेडला चालायचं. बाया येत, मुक्काम करत, परत जात. वही-पाटी नव्हती. चित्रं दाखवायची, गाणी रचायची, मागच्या आठवड्यात गावात काय झालं ते प्रत्येकीने उभं राहून सांगायचं. पण खरा धडा शिकवण्याच्या तासाला नव्हताच. स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा, एका पंगतीला जेवायचं आणि रात्री सगळ्यांनी एकाच मोठ्या गोधडीखाली झोपायचं. मराठ्याच्या बाईच्या अंगाला लागून महाराची बाई. सुरुवातीला कितीजणी रात्रभर अंग चोरून जाग्या राहिल्या असतील! जातीवर भाषण ऐकून घरी जाता येतं, अंगाला अंग लागलेली थंडीतली रात्र विसरता येत नाही. आरोळे दाम्पत्याच्या साऱ्या कामात मला ही गोधडी सगळ्यात मोठी वाटते, रुग्णालयाच्या इमारतीहूनही.

१९७२ च्या दुष्काळात याच विचाराने दुसरी एक गोष्ट झाली. गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या, तेव्हा हापसा कुठे बसवायचा हा प्रश्न आला. आरोळ्यांनी तो दलित वस्तीत बसावा असा आग्रह धरला. पाण्यासाठी अख्खं गाव त्या वस्तीत यायला लागलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ होता त्यांच्या दारातून घागरी भरून नेऊ लागलं. माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी सोडणाऱ्या घरांबद्दल मी वर लिहिलं आहे, त्यामुळे ही हकिगत वाचताना माझं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

शिकाऊ असताना मी गावाने निवडलेल्या अशा एका आरोग्य सेविकेच्या मागून गावात फिरले होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. नऊवारी, हातात कापडी पिशवी. एका घरी तिने पोटुशा सुनेला आडवं केलं, तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि मगच तिच्या पोटाला लावले. आमच्या पुस्तकात हे नव्हतं. बोटांनी चाचपून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते मला दाखवलं. मग सासूकडे वळून म्हणाली, "आक्का, कणगीत दाणे भरायच्या वेळी आपण हात आखडतो का? मग हिच्या ताटात कशाला आखडता?" सासू काही बोलली नाही. पण त्या सुनेने मान वर केली, हे मी पाहिलं.

तिथून पुढच्या घरी एकाच्या पाठीवर फिकट चट्टा होता. तिने त्याला डोळे मिटायला लावले, कापसाची वात चट्ट्यावरून फिरवली आणि कुठे लागलं तिथे बोट ठेव म्हणाली. त्याला कळलंच नाही. महारोगाची ती पहिली खूण. तिने आवाज न चढवता, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की हे औषधाने बरं होतं आणि याला घराबाहेर काढायचं कारण नाही. जुलाब झालेल्या पोरासाठी तिचं माप तोंडपाठ होतं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि आधी आपण चाखून बघायचं, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. पिशवीत बाळंतपणाचं सामान होतं: साबण, उकळून घेतलेला दोरा, स्वच्छ फडकं आणि कागदात गुंडाळलेलं नवं कोरं ब्लेड.

त्या ब्लेडची किंमत काही पैसे होती. १९७१ साली या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला आणि पुढे विशीपर्यंत उतरला. यात पाण्याचा वाटा आहे, लसींचा आहे, दोन घास जास्त मिळाल्याचा आहे. पण हे सगळं घरात शिरलं ते या बायांच्या पायांनी. गावात आधी पुरुषांची शेतकरी मंडळं झाली होती, मग महिला मंडळं उभी राहिली. त्यांत बचत, बँकेचं कर्ज, शेळ्या, छोटा धंदा या गोष्टी बायांनी स्वतः ठरवल्या. यातल्या काही पुढे सरपंच झाल्या. गावाने त्यांना निवडून दिलं ते आरक्षणामुळे हे खरं, पण खुर्चीत बसल्यावर नवऱ्याकडे न बघता बोलायची सवय त्यांना आधीच लागलेली होती.

१९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या या बाया. १९८८ मध्ये घोडेगावच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेत बोलल्या. छताला मोठमोठी झुंबरं होती. त्यांच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे, देखणे, महाग आणि हाताला न लागणारे. आपल्याजवळची पणती त्यांनी लावून दाखवली. ही स्वस्त आहे, साधी आहे, पण हिच्यावर दुसरी पणती लावता येते, झुंबरावर लावता येत नाही. सारं सभागृह उभं राहिलं म्हणतात. मी नर्सबाई म्हणून या बोलण्यात एवढीच भर घालते की झुंबरही लागतं. अडलेल्या बाईला वेळेत सिझेरियन मिळालं नाही तर पणतीच्या उजेडात ती मरते. मुक्ताबाईंना हे माझ्याहून जास्त कळत होतं, कोणती बाई आपल्या हातची नाही हे ओळखून तिला जामखेडला धाडणं हाच त्यांच्या शिक्षणातला मोठा भाग होता.

आता राग येतो ती गोष्ट. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य रक्षक नेमायची योजना काढली. हजार लोकवस्तीमागे गावातलाच एक माणूस. जामखेडला जे सिद्ध झालं होतं त्याच वाटेवरचं पाऊल होतं ते. आणि निवडले गेले बहुतांश पुरुष! पोटुशा बाईचं पोट चाचपणार कोण, अंगावर जातंय हे ती सांगणार कुणाला, याचा विचार झाला नाही. मानधन आहे, पद आहे, म्हटल्यावर ते पुरुषाचं झालं. बाईचं काम बिनपगारी असेपर्यंतच बाईचं राहतं, हे मी खात्यात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. योजना यथावकाश विझली. हे काम बाईकडे यायला २००५ साल उजाडलं. तेव्हा राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली. तिच्यामागे जामखेडचा धडा आहे हे सगळे मान्य करतात.

पण धडा अर्धाच घेतला. जामखेडची सेविकाही पगारी नव्हती, हे मला ठाऊक आहे. तिथे मात्र ती दर आठवड्याला शिकत होती, डॉक्टर तिच्या बरोबरीला बसत, तिच्या धंद्याला हात दिला जाई, आणि काय करायचं ते गाव आणि ती मिळून ठरवत. आशाताईला यातलं फारसं काही मिळालं नाही. तिला रजिस्टरं मिळाली, सर्वेक्षणं मिळाली, मोबाइलवरची माहिती भरणं मिळालं आणि कामागणिक मोबदला मिळाला. कोविडमध्ये ती दारोदार फिरली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी आणि नंतरच्या वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. गौरवाच्या बातमीवर आमच्याकडच्या एका आशाताईने मला विचारलं होतं, "सिस्टर, त्या बक्षिसाचा दाखला दिला तर रेशनवाला काही देईल का?" ती चेष्टेने विचारत नव्हती. तिच्याकडे त्या महिन्यात खरंच काही नव्हतं. शासनाने तिला कर्मचारी म्हणावं, ही मागणी मी निवृत्त झाल्यापासून प्रत्येक व्यासपीठावर करते आणि करत राहीन.

ज्ञान हातात नसलेल्या बाईचं काय होतं, हे शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमच्या तालुक्यातूनही कोयता घेऊन माणसं जातातच, पण बीडच्या ऊसतोड बायांची विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, पाळीत खाडा पडतो, खाड्याचे पैसे मुकादम कापतो. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. तिशीतल्या बायका! त्यांच्या टोळीत, त्यांच्या कोपीत, "थांब, आधी मला बघू दे" म्हणणारी एक शिकवलेली बाई असती तर यातल्या कितीजणी वाचल्या असत्या. आपल्या शरीराबद्दलचा निर्णय आपल्या हाती असणं म्हणजे काय, याचं याहून उघडं उदाहरण मला माहीत नाही.

मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत डॉक्टर २०११ साली. त्यांची नावं राहतील. जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव मिळालं आहे. त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यात, सीनेच्या काठी. १७२५ साली जन्मलेल्या मुलीला माणकोजी शिंद्यांनी लिहा-वाचायला शिकवलं होतं, हे दरवर्षी ३१ मेला भाषणांत सांगितलं जातं. ज्यांना कुणी लिहायला शिकवलं नाही आणि तरी ज्यांनी आमच्या गावांतलं मरण मागे सारलं, त्या बायांची नावं मात्र कुठे कोरलेली नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांचा फलक असतो, कारकिर्दीच्या सालांसकट. त्याच्या शेजारी गावच्या सुईणींचा आणि आरोग्य सेविकांचा फलक लावावा, असा ठराव मी आमच्या गावी १ मेच्या ग्रामसभेत मांडला.

ग्रामसेवकाने सभ्यपणे विचारलं, नेमणुकीचा काही कागद आहे का? कागद कुठून असणार. मग मी जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही मागवली. १९७१-७२ ची पानं आणि नंतरची पानं शेजारी-शेजारी धरून सभेत वाचून दाखवली: अमक्याचा मुलगा, वय नऊ दिवस; तमक्याची मुलगी, वय सहा दिवस; बिननावाचं, वय आठ दिवस. पुढच्या पानांवर अशा ओळी विरळ होत जातात. तरी ठराव 'माहिती मागवून पुढील सभेत' असा शेरा मारून १५ ऑगस्टवर गेला आहे. त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे तो मंजूर करून ठेवायचं आम्ही ठरवलंय. सूचक म्हणून गावच्या आशाताईने नाव दिलं आहे. फलकावरची पहिली सात नावं जमली आहेत, आजीचं त्यात आहे. आठव्या बाईला गावात सगळे 'सुईण म्हातारी' एवढंच म्हणायचे, तिचं पाळण्यातलं नाव तिच्या माहेरी विचारायला उद्या माणूस जातोय.